घाटाला कुणाचं नाव

निमदरीच्या नव्या घाटाला इंदुमती साबळे यांचं नाव द्यायचा ठराव झाला, असं मला परवा फोनवर कळलं. फोन करणाऱ्याला वाटलं होतं, मी खूश होईन. "सर, कमान पण करायची हाय. आक्कांचा फोटो टाकून," असं तो उत्साहानं म्हणाला. मी फोन ठेवला. निर्लज्जपणाला कुठंतरी हद्द असते असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती समजूत चुकीची निघाली.

साबळे मॅडमना जाऊन आता वर्ष होत आलं. त्या असत्या तर हा ठराव मांडायची कुणाची छाती झाली नसती. माणूस गेलं की त्याचं नाव सगळ्यांचं होतं, कुणीही उचलावं आणि कुठंही चिकटवावं. उद्या त्या कमानीखालून जाणाऱ्या पोरांना वाटेल, ही कुणी घाटासाठी झटलेली बाई होती. तसं वाटू नये, एवढ्याचसाठी मी हे लिहायला बसलोय.

मॅडमना मी प्रथम पाहिलं ते दौंड स्टेशनच्या तिकीटखिडकीत. पाहिलं म्हणजे, जाळीच्या पलीकडचा एक हात पाहिला. मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ आणि त्या हाताला कसलीच घाई नाही. आमच्याकडचा माणूस खिडकीशी गेला की लगेच तिकीट मागत नाही. आधी पोरगी कुर्डुवाडीला दिलीय, तिला दिवस गेलेत, जावयाची बदली होणार आहे, असं सगळं सांगतो. मॅडम ते थोडं ऐकून घेत आणि मग विचारत, "कुठं जायचंय?" आवाज चढवत नसत. पण त्या दोन शब्दांनी माणूस भानावर येई, गावाचं नाव सांगे आणि तिकीट घेऊन बाजूला होई. मी कॉलेजात असताना एकदा सुट्ट्या पैशांवरून त्यांच्याशी वाद घालायला गेलो. माझं सगळं व्याख्यान ऐकून त्यांनी मलाही तेच विचारलं होतं.

पुढं मी शिरूरला कॉलेजात शिकवायला लागलो आणि त्या रिटायर होऊन निमदरीला राहायला आल्या. निमदरी म्हणजे भीमेच्या काठावरचं आमचं गाव. नदीच्या या बाजूला शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड. त्यांचं माहेर निमदरीच्या बौद्ध वस्तीत. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, अगदी नदीला लागून आहे. मिस्टर रेल्वेतच होते, ते आधीच वारले होते. मुलगा नाशिकला. त्यानं पुष्कळ बोलावलं, पण मॅडमनी वस्तीत दोन खोल्या बांधल्या आणि तिथंच मुक्काम ठोकला. दौंडात त्या साबळे मॅडम होत्या, वस्तीत त्यांची इंदूआक्का झाली. मी मात्र शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिलो.

साडीवर रेल्वेचे काळे बूट घालून त्या गावातून चालत. सुरुवातीला पोरं हसली, मग सवय झाली. चहा बिनदुधाचा, आणि तो स्वतःच्या स्टीलच्या ग्लासात. पिशवीत एक घडीचं स्टूल असे. गावच्या कुठल्याही बैठकीत पुरुष खुर्च्यांवर आणि बाया खाली सतरंजीवर, ही आमची रीत. मॅडम कुणाला काही न म्हणता खुर्च्यांच्या ओळीला स्टूल लावून बसत. कुणी खुर्ची पुढं केली तर "असू द्या, माझं हाय," म्हणत. पेपर वाचताना बातमीदारांना नावं ठेवत. "ह्यो गडी तिथं गेलाच न्हाई," असं एखाद्या बातमीवर बोट ठेवून सांगत, आणि बहुतेक वेळा मला ते पटे.

त्यांचा खरा राग होता शालीवर. आमच्या भागात सत्कार हे एक व्यसन आहे. पोर बारावी झालं की सत्कार, कुणाची सोसायटीवर निवड झाली की सत्कार, आणि सत्कार करणाऱ्याचाही सत्कार. शाल, नारळ, फेटा, फोटो. त्यात ज्या कामासाठी माणसं जमलेली असतात ते काम राहून जातं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. वस्तीतल्या एका लग्नात सगळे जमले होते, वधूवर पाटावर ताटकळत होते, आणि माइकवर आलेल्या पुढाऱ्यांचं स्वागत काही संपेना. मॅडम उठल्या, सूत्रसंचालकाच्या हातातून माइक घेतला आणि विचारलं, "लगीन कुणाचं हाय?" मग त्यांनी स्वतःच वंदना सुरू केली. त्या दिवशी काही पुढारी न जेवता गेले, आणि वस्तीला त्याचं दुःख झालेलं मी तरी पाहिलं नाही.

अशा बाईला आमच्या पुढाऱ्यांनी अध्यक्ष कसं केलं, ते सांगायला हवं.

वरच्या शहरांचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन नदी आमच्याकडे येते. उन्हाळ्यात ती काळी होते, वर जलपर्णी पसरते, वास गावभर येतो. विहिरी आणि बोअर त्याच पाण्यावर भरतात. ज्यांना परवडतं ते जारचं पाणी घेतात, बाकीचे उकळून पितात आणि अंग खाजवत बसतात. अशात बाहेरच्या देशात मुख्यालय असलेली एक मोठी जागतिक संस्था नदीकाठच्या गावांसाठी काही करणार असं कळलं. गावात त्यांना सगळे जागतिकवाले म्हणत. त्यांची अट अशी होती की एकेका गावाशी बोलणार नाही. दोन्ही काठच्या गावांनी मिळून एक संघ करायचा आणि आपले प्राधान्यक्रम ठरवून एका तोंडानं सांगायचे. पहिल्या टप्प्यात एकच काम होईल, संघ म्हणेल ते.

संघ झाला. पण अध्यक्ष कोण, यावर घोडं अडलं. शिरूरच्या काठाला दौंडचा माणूस नको आणि दौंडला शिरूरचा. दौंडकडचे दिनकरतात्या अध्यक्ष व्हायला अगदी टोपी घालून तयार होते. तात्या म्हणजे मोठे बागायतदार. गोड बोलणं, सगळ्यांच्या घरी जाणं-येणं. गाडीच्या डिकीत शालींचा गठ्ठा कायम. कुणाचा कधी सत्कार करावा लागेल सांगता येत नाही, असं ते म्हणत. त्यांना आमच्या काठानं अडवलं, आमच्या माणसाला त्यांच्या काठानं. शेवटी कुणीतरी साबळे मॅडमचं नाव सुचवलं. बाई, रिटायर, वस्तीतली. सह्या करील आणि गप बसेल, हा हिशोब दोन्ही काठांनी मनातल्या मनात केला आणि एकमतानं टाळ्या वाजवल्या. मी इंग्रजी पत्रव्यवहार करू शकतो म्हणून मला सचिव केलं.

पहिली बैठक केडगावला स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये झाली. दोन्ही काठांना ते बरं पडे. तात्या नव्या अध्यक्षांसाठी शाल घेऊन उभे राहिले. मॅडमनी हात जोडले आणि शाल तशीच परत डिकीत ठेवायला सांगितली. तात्या हसले, पण त्यांच्या तोंडाची चव गेल्याचं दिसत होतं. मग सरपंच बोलायला लागले. एकाला वेशीवर कमान हवी होती, एकाला सभामंडप, एकाला गल्लीत सिमेंटचे ब्लॉक, एकाला व्यायामशाळा. प्रत्येकजण आधी आपल्या गावाचा इतिहास सांगे. मॅडम थोडं ऐकत आणि विचारत, "कुठं जायचंय?" त्या बैठकीत हा प्रश्न इतक्या वेळा आला की शेवटी शेवटी माणसं उठायच्या आधीच आपण नेमकं काय मागणार याचा विचार करायला लागली. आमच्या भागात हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तात्यांना घाट हवा होता. त्याचं कारण बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे दशक्रियेला नदीवर सगळा तालुका लोटतो आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत माइकवर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात. ज्याला निवडणूक लढवायची त्यानं एकही दशक्रिया चुकवायची नसते. चांगला घाट म्हणजे आयतं व्यासपीठ, वर्षभर फुकट गर्दी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मॅडम बोलल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मेलेल्यांची सोय व्हईल तात्या. जित्यांचं काय करायचं?"

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढची बैठक मॅडमनी हट्टानं वस्तीत घेतली, विहाराच्या पुढच्या लिंबाखाली. दोन्ही काठांचे सरपंच प्रथमच त्या वस्तीत टेकले असतील. नदीचा वास येत होता, माणसं नाकाला रुमाल लावून बसली होती. पाण्याचं भाषण ऐकावं लागणार असं सगळ्यांना वाटलं. मॅडमनी पाण्याचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या-तुमच्या गावात तिशी उलटलेली बिनलग्नाची पोरं किती आहेत?

हे दुखणं घरोघरचं होतं. एकजण म्हणाला, पोरींना शहरातला नोकरदार लागतो. दुसरा म्हणाला, कंपनीत परमनंट असलं तरच विचारतात. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की वरच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांची लग्नं जमतात, आपल्या काठाचीच का अडतात? मागच्या महिन्यात एका चांगल्या घरी बघायचा कार्यक्रम झाला. मुलीच्या आईनं पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. घर चांगलं, जमीन चांगली, पोरगा गुणी. तरी दुसऱ्या दिवशी नकार आला.

घर कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही. कुणाकडे बघितलंही नाही. त्यांच्या शेजारच्या ठकूमावशी पूल ओलांडून त्या घरी भांड्याला जात, त्यांच्याकडून त्यांना कळलं होतं. मग दिनकरतात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ते आमच्याच घरचं," तात्या म्हणाले. "माझा पुतण्या. लिव्हा सर. पाणी पयलं."

मी ते लिहून घेतलं. एक नंबरला स्वच्छ पिण्याचं पाणी, आणि तेही खालच्या वस्त्यांपासून सुरुवात. दोन्ही काठांनी हात वर केले. त्या संध्याकाळी तात्या मॅडमच्या ओट्यावर बसून बिनदुधाचा चहा प्यायले आणि चेहरा न वाकडा करता संपवला. मला खरंच वाटलं होतं की झालं आपलं काम.

मग जागतिकवाले प्रत्यक्ष यायचं ठरलं. परदेशातली दोन माणसं, त्यांतली एक बाई, सोबत पुण्याच्या ऑफिसातला एक तरुण अधिकारी आणि एक दुभाष्या. त्यांच्याकडे सकाळचे दोन तास होते. मॅडमनी आधीच सांगितलं की सत्कार नको, मी दहा मिनिटं बोलते, मग त्यांना वस्ती दाखवू. यावर आमच्या संघाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुणे सातासमुद्रापलीकडून येणार आणि साधा नारळ नाही? लोक काय म्हणतील? हे तात्याच नव्हे, सगळेच म्हणायला लागले. पाण्यासाठी ज्यांनी हात वर केला तेसुद्धा. शेवटी तडजोड झाली की सत्कार फक्त पाहुण्यांचा आणि थोडक्यात.

थोडक्यात. हा शब्द आमच्या तालुक्यातून हद्दपार केला पाहिजे.

मांडव घातला होता. मागं हा मोठा फ्लेक्स होता आणि त्यावर पायऱ्या, दिवे आणि निळ्याशार पाण्याच्या घाटाचं चित्र. मॅडमनी तात्यांना विचारलं, हे काय? तात्या म्हणाले, "निस्ता फ्लेक्स हाय आक्का. शोभा." पुण्याहून सूत्रसंचालक आणला होता, तो दर वाक्याला शेर म्हणत होता. आधी संघातर्फे सत्कार झाला. मग लक्षात आलं की एका गावानं केला आणि दुसऱ्यानं नाही असं कसं चालेल? मग प्रत्येक गावाचा वेगळा. मग सोसायट्यांचा, तरुण मंडळांचा, महिला बचतगटाचा. पाहुण्यांना फेटे बांधले, ते डोळ्यांवर आले, ते परत बांधले. ती परदेशी बाई घामाघूम होऊन हसत होती आणि तिच्या मांडीवर शालींची थप्पी चढत होती. मी दोनदा स्टेजजवळ जाऊन सूत्रसंचालकाला सांगितलं की मॅडमना बोलू द्या. त्यानं दोन्ही वेळा मान हलवून पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

मॅडम स्टेजच्या टोकाला आपल्या स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. आणि मग रांगेत वस्तीतली माणसं दिसली. ठकूमावशी सगळ्यात पुढं. त्यांनीही एक शाल आणली होती पाहुण्यांना, आणि एक आक्कांना. आपली आक्का सगळ्या तालुक्याची अध्यक्ष झाली, तिला कुणी शाल घातली नाही, याचं त्या बायांना मनापासून वाईट वाटलं होतं. ठकूमावशींनी ती शाल मॅडमच्या खांद्यावर टाकली. मला वाटलं मॅडम ती काढतील. त्यांनी काढली नाही. ठकूमावशींचे हात धरून त्या हसल्या. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला.

त्यानंतर तात्यांचं प्रास्ताविक झालं. प्रास्ताविक शेवटी, हीसुद्धा आमच्याकडचीच गंमत. भाषणात पाणी होतं, नाही असं नाही. पण नदी, संस्कृती, घाट, मावळता सूर्य असं करत ते फ्लेक्सकडे हात करून बोलत राहिले आणि दुभाष्या तो हात बघून भाषांतर करत राहिला. दोन तास संपले. पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. तेव्हा सूत्रसंचालकानं पुकारलं, "आभार प्रदर्शनासाठी विनंती करतो संघाच्या अध्यक्षा, इंदुमतीताईंना."

आभार. संघाच्या अध्यक्षेला, जिनं सहा-सात वर्षं वास घेत त्या काठावर काढली तिला, आभार. आमच्याकडे आभार सुरू झाले की माणसं चपला शोधतात. मॅडम माइकशी गेल्या आणि म्हणाल्या की मी आभार मानायला उभी नाही, आमची मागणी एकच आहे. पण निम्मा मांडव जेवणाकडे निघाला होता, मागं भांडी वाजत होती. दुभाष्यानं डायरी बंद केली होती. परदेशी बाईनं त्याला काहीतरी विचारलं. त्यानं सांगितलं की अध्यक्षा तुमचे आभार मानतायत. त्या बाईनं हात जोडले, अगदी मनापासून, आणि उठली.

काही महिन्यांनी त्यांचा निर्णय आला. पहिल्या टप्प्यातलं काम, संघानं एकमुखानं मांडलेला प्राधान्यक्रम : नदीकाठी घाट.

मॅडम आणि मी पुण्याला त्यांच्या ऑफिसात गेलो. तो तरुण अधिकारी चांगला होता, हेच जास्त चीड आणणारं होतं. त्यानं पाणी दिलं, सीलबंद बाटलीतलं. मॅडमनी लिंबाखालच्या बैठकीची हकिगत सांगितली, मी ठरावाची वही पुढं ठेवली. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग तो म्हणाला की आम्ही वरून काहीच लादत नाही, स्थानिक लोकांचा आवाज हेच आमचं धोरण आहे, आणि तो आम्ही कागदावरून नाही, प्रत्यक्ष भेटीत ऐकतो. मॅडमनी विचारलं, "साहेब, तुमी आवाज कुणाचा ऐकला?" त्यानं संगणक आमच्याकडे वळवला. पडद्यावर फोटो होता. मागं निळा घाट आणि पुढं मॅडम, खांद्यावर शाल, चेहऱ्यावर हसू.

"यात तुम्हीच आहात ना?" त्यानं नम्रपणे विचारलं.

मी भांडलो. मला जेवढं येतं तेवढं सगळं बोललो. या मंडळींनी ऐकण्याचं एक शास्त्र करून ठेवलंय. बैठका, फोटो, हजेऱ्या, सगळं आहे त्यात. फक्त माणूस बोलायला उभा राहतो तेव्हा यांची गाडी चालू झालेली असते. आणि आमचे लोक असे की तोंड उघडायची एकच संधी मिळाली, ती नारळ फोडण्यात घालवली. दोघांनाही झोडपावं असं मला वाटत होतं. मॅडम मात्र फोटोतल्या ठकूमावशींच्या हातांकडे बघत होत्या. परतीच्या गाडीत यवतजवळ त्या एवढंच म्हणाल्या की ठकूला हे सांगू नका, तिचा जीव जाईल.

घाट झाला. चांगला झाला, हेही खोटं कशाला सांगू. फरशी, दिवे, रेलिंग, आणि खाली तेच काळं पाणी. उद्घाटनाला मॅडम गेल्या नाहीत. तरी काळ्या ग्रॅनाइटच्या कोनशिलेवर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव आलंच, अध्यक्षा म्हणून, तात्यांच्या नावाच्या अगदी वर. तात्यांना मी त्याबद्दल विचारलं तर ते दुखावले. मानाची जागा दिली की, असं म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. लिंबाखाली टोपी काढणारे तात्या आणि हे तात्या एकच आहेत, आणि हे मला आजही नीट पचत नाही.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्या घाटावर. गावातल्या एका वयस्कर आप्पांची दशक्रिया होती. पांढऱ्या टोप्यांनी पायऱ्या भरल्या होत्या, आणि तात्या माइकवर श्रद्धांजली वाहत होते. अधूनमधून कुठूनतरी टक टक आवाज येत होता. आधी वाटलं कुठं बांधकाम चालू असेल. मग माणसं माना वळवायला लागली आणि मीही वळून बघितलं.

कोनशिलेसमोर मॅडम गुडघे टेकून बसल्या होत्या. पायांत तेच काळे बूट. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. फरशी तापलेली म्हणून गुडघ्यांखाली चौघडी करून ठकूमावशींची शाल घातली होती. काळ्या दगडावर पांढरा चट्टा उमटत चालला होता. दोन पोरं अडवायला पुढं गेली आणि जवळ जाऊन नुसतीच उभी राहिली. कुणीतरी पोलिसांना फोन करा म्हणालं. कुणी केला नाही.

तात्या माइक सोडून खाली आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कानकोंडेपणा होता.

"आक्का, मानानं लिवलंय तुमचं नाव," ते हळू आवाजात म्हणाले. "असं नगा करू. लोकं बघत्यात."

मॅडमची हातोडी थांबली नाही. "तात्या, नाव माझंच हाय नव्हं?"

"तुमचंच की."

"मग मी न्हेती. पाणी आल्यावर नळापाशी लिवा. बारीक लिवलं तरी चालंल."

तात्या तिथंच उभे राहिले. शेवटचं अक्षर जाईपर्यंत तो आवाज तेवढा येत होता. मग मॅडम दगडाला हात टेकून उठल्या, साडीवरची पांढरी भुकटी झटकली, शाल उचलून नीट झटकली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मी पुढं होऊन पिशवी घेऊ का विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि वस्तीच्या वाटेला लागल्या.

मी वरून बघत राहिलो. वाट अरुंद आहे. अर्ध्यावर गेल्या असतील तेवढ्यात मागून जारचा टेम्पो हॉर्न वाजवत आला, आणि त्याला जाऊ देण्यासाठी मॅडम कडेच्या काट्यांत सरकून उभ्या राहिल्या.